देवळालीच्या शिक्षकांचे कोडे

कागद आणि पेन्सिल जवळ घ्या. हा पाठ नुसता वाचायचा नाही, तो करून पाहायचा आहे.

आपल्या गडहिंग्लजचा पिन कोड ४१६५०२ आहे. त्यातले शेवटचे चार अंक घ्या : ६५०२. हे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले, की ६५२० ही संख्या होते. लहानाकडून मोठ्याकडे मांडले, की ०२५६ होते. आता मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच क्रिया करा.

६५२० − ०२५६ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे अंक तसेच मांडून पाहा. पुन्हा ७६४१ − १४६७, म्हणजे परत ६१७४ च! पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, उत्तर बदलत नाही. तुमचे जन्मवर्ष घेऊन पाहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबाल.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. चारही अंक सारखे असलेली संख्या घेऊ नका, कारण ५५५५ मधून ५५५५ गेले तर हाती शून्यच उरते. दुसरे असे, की उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहायला विसरू नका. ९९९ आले तर ०९९९ लिहा.

उर्दूत आपण ज्याला तफरीक म्हणतो, तिला मराठीत वजाबाकी म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका वाटायला नको. त्यातले 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मुळात अरबी आहेत.

हे कोडे शोधले ते एका शाळेतील शिक्षकाने. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक होते. गणितातील उच्च पदवी त्यांच्याजवळ नव्हती, की ते कोणत्या विद्यापीठात प्राध्यापकही नव्हते. शाळा सांभाळून ते संख्यांशी खेळत बसत. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. अनेक विद्वानांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. आज ६१७४ या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

आता खरा प्रश्न विचारू या. दहा संख्या घेतल्या आणि दहाही वेळा ६१७४ आले, म्हणून नियम सिद्ध झाला का? नाही. अकरावी संख्या कदाचित दगा देईल! मग सगळ्या संख्या तपासायच्या का? १००० पासून ९९९९ पर्यंत नऊ हजार संख्या आहेत. इतक्या वजाबाक्या कोण करणार? येथे समीकरण मदतीला येते. उर्दूत आपण त्याला मसावात म्हणतो.

आधी सोपे उदाहरण म्हणून तीन अंकी संख्या घेऊ. मोठ्याकडून लहानाकडे मांडलेले अंक अ, ब, क आहेत असे समजा. मग वजाबाकी अशी होईल :

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क)

इतकी अक्षरे पाहून प्रथम गोंधळल्यासारखे होते. पण घाबरू नका, एकेक पद पाहा. १०ब दोन्हीकडे आहे, म्हणून ते गेले. १००अ मधून अ वजा झाला, ९९अ राहिले. क मधून १००क वजा झाले, म्हणजे ९९क कमी झाले. संपले!

अ − क ची किंमत १ ते ९ यांपैकीच एक असणार. म्हणजे तीन अंकी संख्या शेकडो असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरे नऊच येऊ शकतात. ती नऊच्या नऊ तपासू :

०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५
१९८ → ७९२
२९७ → ६९३
३९६ → ५९४

नऊही उत्तरे शेवटी ४९५ वर येतात आणि ९५४ − ४५९ = ४९५, म्हणून तेथेच थांबतात. आता एकही संख्या तपासायची राहिली नाही. यालाच सिद्धता म्हणतात. ती तुम्ही वहीच्या अर्ध्या पानावर केलीत.

चार अंकांसाठी हेच समीकरण असे होते : ९९९(अ − ड) + ९०(ब − क). त्यातून फक्त ५४ उत्तरे निघतात. चार-पाच मित्रांनी वाटून घेतली, तर ती एका दुपारी तपासून होतील. एक खूणही सांगतो. ९९९ आणि ९० या दोन्ही संख्यांना ९ ने भाग जातो. म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ आलीच पाहिजे. तशी आली नाही, तर तुमची वजाबाकी चुकली आहे असे समजा.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. दोन अंकी संख्या घ्या आणि हीच क्रिया करा. तेथे समीकरण ९(अ − ब) असे होते. दोन अंकांतही थांबणारी एखादी संख्या सापडते का, की दुसरेच काही घडते? आधी उदाहरणे करून पाहा, मग सिद्ध करा.