शोषक सीमा : संगणकातील मोकळे आकाश

‘शोषक’ या शब्दाने मराठी साहित्याच्या वाचकाला प्रथम आठवतो तो सावकार किंवा गिरणीमालक. हिंदीने भौतिकीतील क्रियेसाठी ‘अवशोषण’ हा निराळा शब्द रूढ करून हा घोटाळा टाळला; मराठीत बहुधा एकच शब्द दोन्हीकडे राबतो. प्रस्तुत विवेचनात त्याचा अर्थ एवढाच, की येऊन पोचलेला तरंग गिळून टाकणारी, त्याचा अंशही परत न पाठवणारी सीमा.

अँटेनातून निघालेला विद्युत्चुंबकीय तरंग मोकळ्या आकाशात दूर जातो. अनंतातून तो परतत नाही. झोमरफेल्ट यांनी १९१२ मध्ये ही अट गणिताच्या भाषेत मांडली. संगणकाची स्मृती मात्र सान्त असते. १९६६ मध्ये केन यी यांनी मॅक्सवेलची समीकरणे अवकाशाच्या लहान लहान कोशिकांवर, काळाच्या एकेका पायरीने सोडवण्याची रीत दिली. परंतु कोशिकांची ही जाळी कोठेतरी संपवावीच लागते. जेथे ती संपते तेथे काही व्यवस्था केली नाही, तर कडा आरशासारखी वागते, आणि अभ्यासकाच्या हाती येते ते मोकळ्या आकाशातील अँटेनाचे नव्हे, तर पेटीत कोंडलेल्या अँटेनाचे वर्तन. अशा आकड्यांवर विसंबून घडवलेला अँटेना प्रत्यक्षात भलत्याच वारंवारतेला साद देण्याची भीती असते.

मुर यांनी १९८१ मध्ये व्यवहारात आणलेली सीमा तरंगाला केवळ बाहेरच्या दिशेने जाऊ देणाऱ्या समीकरणावर उभी आहे. तिच्या साध्यात साध्या रूपात लंब दिशेने आलेला तरंग जवळजवळ निःशेष शोषला जातो. पण तो लंबाशी ६० अंशांचा कोन करून आला, तर त्याच्या आयामाचा एक-तृतीयांश भाग परततो. अँटेना तर सर्व दिशांना बोलतो.

ही अडचण १९९४ मध्ये बेरांजे यांनी दूर केली. कडेला एक अट घालण्याऐवजी त्यांनी तेथे कृत्रिम पदार्थाचा एक थरच कल्पिला. या ‘पूर्ण सुमेलित’ थरात शिरताना तरंगाला, कोणत्याही कोनातून व कोणत्याही वारंवारतेने येवो, तत्त्वतः अडथळा जाणवत नाही. आत मात्र तो क्षीण होत जातो. निसर्गात असा पदार्थ शोधण्याचे कारण नाही. तो समीकरणात असला की पुरे. प्रतिध्वनिरहित कक्षाच्या भिंतींवरील फेसाचे शंकू हेच काम करतात, तेही इतके चोख नव्हे.

‘तत्त्वतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा. जाळीत पदार्थ तुकड्यातुकड्यांनी बदलतो आणि प्रत्येक पायरीवर थोडे परावर्तन होते. म्हणून थराची वाहकता आतल्या पृष्ठाशी शून्य ठेवून बाहेरकडे तिसऱ्या वा चौथ्या घाताने वाढवतात. जाडी सामान्यतः ८ ते १० कोशिकांची असते. कडेला घासून जाणाऱ्या तरंगांपुढे हा थरही दुबळा पडतो.

सर्वाधिक चुका होतात त्या अंतराबाबत. अँटेनाच्या निकट साठलेले क्षेत्र प्रवासाला निघालेले नसते. थर त्यात घुसला, तर तो अँटेनाचाच स्वभाव बदलतो. म्हणून मध्ये किमान पाव तरंगलांबीइतकी हवा सोडण्याचा प्रघात आहे, आणि ती तरंगलांबी पट्ट्यातील सर्वांत खालच्या वारंवारतेची धरावी. १ ते ३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे अंतर ७.५ सेंटिमीटर होते. वरच्या टोकावरून हिशेब केल्यास ते २.५ सेंटिमीटरच भरते, आणि खालच्या वारंवारतांचे निष्कर्ष निमूटपणे बिघडतात. दूरक्षेत्र काढण्यासाठी घेतलेले बंद पृष्ठही अँटेना व थर यांच्या मधल्या हवेतच हवे. अनंत मानलेली भूपट्टिका किंवा अवाहक पाया मात्र थराच्या अलीकडे न थांबवता त्यातून आरपार न्यावा, अन्यथा तेथे नवीच कड निर्माण होते.

एवढे करूनही खात्रीचा मार्ग एकच : हवेचे अंतर वाढवून तेच गणित पुन्हा चालवावे. उत्तर लक्षणीय हलले, तर पहिल्या उत्तरात पेटीचाही वाटा होता.