छायाचित्रणाची घरगुती द्रावणे

कॅमेऱ्यातील फिल्मवर प्रकाश पडताच चित्र उमटते खरे, परंतु ते डोळ्यांस दिसत नाही. त्यास दृश्य रूप देणे आणि ते रूप टिकविणे, ही दोन्ही कामे अंधाऱ्या खोलीतील द्रावणांची होत. जुन्या रीतीने छायाचित्रण करणारे कित्येक हौशी लोक आजही सुटी रसायने आणून ही द्रावणे घरीच करतात. हे काम अवघड नाही. मात्र द्रावण बिघडले तर अख्खी फिल्म वाया जाते, आणि टिपलेला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून कृती नुसती पाठ करण्यापेक्षा तिच्यामागील कारण समजून घेणे अधिक हिताचे.

कोडॅक कंपनीचा डी-७६ हा प्रसिद्ध डेव्हलपर उदाहरणादाखल घेऊ. एक लिटर द्रावणास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स २ ग्रॅम लागतो. मेटॉल व हायड्रोक्विनोन प्रकाश लागलेल्या कणांतील चांदी मोकळी करतात; दोघे मिळून जे काम करतात ते त्यांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेहून अधिक असते. टाकणखारामुळे द्रावण सौम्य क्षारधर्मी होऊन या क्रियेस वेग येतो. सल्फाइट हवेतील प्राणवायूपासून द्रावणाचे रक्षण करते.

रसायने घालण्याचा क्रमही याच गुणांवरून ठरतो. प्रथम सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाचे पाऊण लिटर उकळून गाळलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. मेटॉल नुसत्या पाण्यात लवकर खराब होते आणि दाट सल्फाइटात नीट विरघळत नाही. म्हणून आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, नंतर हायड्रोक्विनोन व शेवटी टाकणखार घालावा. मग थंड पाणी घालून एक लिटर पुरे करावे आणि गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट बूच लावावे. मेटॉलने काहींच्या त्वचेस खाज सुटते, तेव्हा रबरी हातमोजे घालावेत. स्वयंपाकाची भांडी या कामी कधीही घेऊ नयेत.

वापरतेवेळी तापमान २० अंश असावे. ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून पुष्कळ गरम असते. अशा वेळी बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून द्रावण थंड करावे. क्रिया थांबविण्यासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर व तीन भाग पाणी पुरते.

पुढे येतो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार विरघळविण्याचा त्याचा गुण जॉन हर्शेलने १८१९ साली दाखविला आणि १८३९ साली तो छायाचित्रणाच्या उपयोगी पडला. एक लिटर द्रावणास २५० ग्रॅम खडे घ्यावेत. ते विरघळताना पाणी बरेच थंड होते, म्हणून कोमट पाण्यापासून आरंभ करावा. त्यात आम्ल घालावयाचे असेल तर आधी सल्फाइट घालावे. नाहीतर गंधक विलग होऊन द्रावण दुधाळ होते.

मोलाची फिल्म बुडविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. फिल्मचा टाकाऊ तुकडा उजेडात डेव्हलपरमध्ये टाकला असता काही मिनिटांत काळाभोर झाला पाहिजे. दुसरा कोरा तुकडा हायपोत टाकून तो पारदर्शक होण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. त्याच्या दुप्पट वेळ खरी फिल्म हायपोत ठेवावी.

अखेरीस वाहत्या पाण्यात फिल्म नीट धुवावी. या कामी घाई झाली तर मागे राहिलेला हायपो कालांतराने चित्र पिवळे पाडतो. नातवंडांना आजोबांचा चेहरा स्पष्ट दिसेल की नाही, हे पुष्कळदा या शेवटच्या धुण्यावरच अवलंबून असते.