नकलेची रुजवात : संगणकीय दप्तराची सुरक्षित प्रत

बडोद्याच्या रावपुरा भागातील कोठी ही गायकवाड संस्थानच्या कारभाराची इमारत होती. संस्थानच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. नक्कल केल्यावर ती मुळाशी ताडून पाहणे, म्हणजेच रुजवात घेणे, ही दप्तरी कामाची जुनी रीत होय.

आज जुनी कागदपत्रे, गावची जमीन-दप्तरे व शाळेची रजिस्टरे छायाचित्ररूपाने हार्ड डिस्कवर साठविता येतात. साधन बदलले तरी रुजवातीची गरज उलट वाढली आहे. हस्तलिखित नकलेत एखादे अक्षर चुकले, तरी उरलेला मजकूर वाचता येतो. संगणकीय फाइलमध्ये अल्पसा बिघाड झाला, तरी संपूर्ण चित्र निकामी होऊ शकते. आणि फाइलचे नाव व आकार तेच राहिल्याने तो बिघाड वरून दिसतही नाही.

प्रत्येकी २० मेगाबाइटची १ लाख चित्रे म्हणजे २ टेराबाइटचे फोल्डर. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने त्याची प्रत करण्यास सुमारे साडेपाच तास लागतात. तेवढ्या अवधीत वीज जाणे, केबल सैल होणे किंवा डिस्कचा एखादा भाग सदोष निघणे अशक्य नाही.

म्हणून फोल्डर ‘कट’ करून हलवू नये. त्याची प्रतच करावी. नवी डिस्क फॅट-३२ पद्धतीची असल्यास तीवर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही, हे आधी पाहावे. विंडोजमधील रोबोकॉपी किंवा लिनक्समधील आरसिंक या साधनांनी काम मध्येच खंडित झाले, तरी राहिलेल्या फाइलींपासून ते पुढे चालविता येते. काम पूर्ण झाल्याची सूचना दिसली, तरी काही माहिती संगणकाच्या स्मृतीतच असू शकते. यासाठी डिस्क सुरक्षितपणे विलग करण्याची आज्ञा देऊनच ती काढावी.

यानंतर खरी रुजवात सुरू होते. फाइलींची संख्या व एकूण आकार जुळणे पुरेसे नाही. गणितात उत्तराचा ताळा पाहतात, तसाच फाइलचाही ताळा काढता येतो. एसएचए-२५६ या पद्धतीने प्रत्येक फाइलचा ६४ चिन्हांचा ताळा मिळतो. फाइलमध्ये किंचित बदल झाला, तरी तो पार वेगळा येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल व लिनक्समध्ये एसएचए२५६सम या आज्ञेने हे काम होते. मूळ फाइलींच्या ताळ्यांची यादी आधी करावी. नवी डिस्क काढून पुन्हा जोडावी, म्हणजे वाचन स्मृतीतून न होता प्रत्यक्ष डिस्कवरून होईल. मग तिच्यावरील ताळे यादीशी जुळवावेत. न जुळणाऱ्या फाइलींची पुन्हा प्रत करावी.

ताळ्यांची यादी दप्तरासोबतच जपावी व ठरावीक काळाने पडताळणी करावी. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणे हितावह होय. कागद जीर्ण होऊन नष्ट झाल्यावर सदोष चित्र दुरुस्त करण्यास आधार उरत नाही. यास्तव रुजवात पूर्ण होईपर्यंत मूळ प्रत पुसू नये, हा नियम प्रत्येक कार्यालयाने व शाळेने कटाक्षाने पाळावा.