एक टाका, रूपे अनेक

लग्नघरी रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल दिसला, की बायका हमखास थांबतात. कड बोटांनी चाचपून पाहतात आणि विचारतात, ''नमुना कुठून मिळाला?'' नमुना मिळाला नाही, की हळहळत पुढे जातात. खरे तर क्रोशाची बहुतेक नाजूक जाळी दोनच गोष्टींची असते: साखळी आणि खांब. त्या मोजता आल्या, की पाहिलेला नमुना उतरवता येतो आणि हिशेब कळला, की तो आपल्या मनाप्रमाणे बदलताही येतो.

माझ्या आईने एक टेबलक्लॉथ अर्धा विणून ठेवला होता. ती गेल्यानंतर तो ट्रंकेत सापडला. नमुन्याचा कागद कुठेच नव्हता. विणलेला भाग उजेडात धरून मी टाके मोजले, तेव्हा लक्षात आले की सगळे काम एकाच 'व्ही' टाक्याचे आहे. नेमक्या त्याच छटेचा दोरा मिळेना, म्हणून उरलेला भाग मी त्याच टाक्याच्या दुसऱ्या रूपात पुरा केला. आता ती जोडाची रेघ पाहणाऱ्याला नक्षीच वाटते.

हा टाका आणि त्याची रूपे तुम्हीही एका दुपारी शिकू शकता.

साहित्य

२० नंबरचा क्रोशाचा सुती दोरा आणि १.२५ मि.मी.ची सुई. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक असतो. अगदीच नवख्या असाल तर आधी जाड दोरा व जाड सुई घ्या. टाके स्पष्ट दिसतील.

मूळ टाका

३५ साखळ्या घाला. खांबासाठी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई साखळीत घालून दोरा ओढून घ्या. सुईवर ३ वेढे होतील. ते दोन-दोन करून दोनदा सोडवा.

पहिली ओळ: सुईपासून सहाव्या साखळीत १ खांब, १ साखळी, पुन्हा त्याच जागी १ खांब. हा झाला इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा टाका. २ साखळ्या सोडून तिसरीत पुढचा व्ही घाला. असे १० व्ही झाले, की १ साखळी सोडून शेवटच्या साखळीत १ खांब घाला.

दुसरी ओळ: काम उलटवा. ३ साखळ्या घाला. हा कडेचा खांब समजा. मग प्रत्येक व्हीच्या मधल्या छिद्रात एक व्ही आणि शेवटी कडेला १ खांब. पुढे हीच ओळ करत राहा.

हिशेब सोपा आहे. एक व्ही तीन टाक्यांची जागा घेतो: दोन खांब आणि एक साखळी. म्हणून व्हींच्या संख्येला तिनाने गुणा आणि दोन्ही कडा व उलटण्यासाठी ५ साखळ्या जास्त धरा. १० व्हींना ३५, तर २० व्हींना ६५.

बदल करून पाहा

विटांची रचना: व्ही छिद्रात न घालता दोन व्हींच्या मधल्या फटीत घाला. ओळीच्या सुरुवातीला ३ साखळ्या झाल्यावर कडेच्या फटीत १ सुटा खांब, मग ९ फटींत ९ व्ही, शेवटच्या फटीत १ सुटा खांब आणि कडेचा खांब. पुढच्या ओळीत दोन्ही सुटे खांब धरून १० फटी होतात, तिथे पुन्हा १० व्ही. वीण जरा दाट होते. पिशवीसाठी किंवा उशीच्या अभ्र्यासाठी चांगली.

शिंपला: २ खांब, २ साखळ्या, २ खांब एकाच जागी घाला. ही सहा टाक्यांची, म्हणजे दोन व्हींची जागा झाली. म्हणून पहिल्या-दुसऱ्या व्हीमध्ये एक शिंपला, तिसऱ्या-चौथ्यामध्ये दुसरा, असे १० व्हींवर ५ शिंपले बसतात. पुढील ओळींत शिंपल्याच्या मधल्या छिद्रात शिंपला घाला.

टोकदार कड: शेवटच्या ओळीत प्रत्येक शिंपल्यात ३ खांब, नंतर ३ साखळ्या घालून त्यांतल्या पहिल्या साखळीत सुई घाला व दोरा सर्व वेढ्यांतून एकदम ओढून घ्या. टोक तयार झाले. त्याच जागी पुन्हा ३ खांब घाला. ताटावरच्या रुमालाला ही कड शोभते.

चूक कुठे होते?

विणकामाची खालची कड आखडली, तर सुरुवातीच्या साखळ्या घट्ट झाल्या आहेत. तेवढ्यापुरती एक नंबर मोठी सुई वापरा. काम वर जाताना निमुळते होत असेल, तर शेवटचा कडेचा खांब राहून जातो आहे. झालरीसारख्या लाटा पडल्या, तर जागेपेक्षा जास्त टाके घातले आहेत. पूर्ण झालेले काम धुऊन, हलकी खळ देऊन, टाचण्यांनी ताणून वाळवा. त्यानंतरच जाळी खरी उठून दिसते.

वेळही मोजा

क्रोशाला घरोघरी 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणतात. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेसचेही असेच झाले. तिथल्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणतात, तरी गृहिणींचा विरंगुळा समजून त्यांची मेहनत कामात धरली जात नाही आणि मोबदलाही फार कमी मिळतो, हे समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले. या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तेव्हा रुमाल विकायचा असेल, तर दोऱ्याच्या किमतीबरोबर एका ओळीला लागणारी मिनिटेही वहीत टिपून ठेवा. टाके मोजणारीने आपले तास का मोजू नयेत?

आईच्या टेबलक्लॉथला किती तास लागले असतील, ते तिने कुठेच लिहून ठेवले नाही. माझ्या भागाचे मी लिहून ठेवले आहेत. माझ्या मुलीने ते वाचले आणि म्हणाली, ''आई, पुढचा नमुना मी बदलणार.''