वस्तीतल्या सभेतून महापौरपदापर्यंत : आदा कोलाउ यांच्याकडून काय शिकावे?

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आपला उमेदवार कोण? त्याला तिकीट कोण देणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : निवडून आल्यावर त्याला जाब विचारणारी संघटना वस्तीत आहे का? हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी आम्ही स्पेनमधील बार्सिलोना शहराचे उदाहरण घेत आहोत.

२००८ च्या आर्थिक मंदीत स्पेनमधील असंख्य कुटुंबांचा रोजगार गेला आणि घराचे हप्ते थकले. तिथल्या कायद्यानुसार घर बँकेला परत दिले तरी कर्ज फिटत नसे. घरही जाई आणि उरलेले कर्जही डोक्यावर राही. याविरुद्ध फेब्रुवारी २००९ मध्ये बार्सिलोनात गृहकर्जग्रस्तांचा मंच उभा राहिला. आदा कोलाउ त्याच्या संस्थापकांपैकी एक होत्या.

मंचाची पद्धत साधी होती. नियमित सभा व्हायच्या. नवीन माणसाचे प्रकरण कोणी 'साहेब' हातात घेत नसे. त्याच संकटातून गेलेले लोक त्याला कागदपत्रे समजावत, बँकेत सोबत जात. पुढे तोच माणूस दुसऱ्याचे घर रिकामे होऊ नये म्हणून त्याच्या दारात उभा राही. कर्जबुडवे म्हणून मान खाली घालणारे लोक अशा रीतीने कार्यकर्ते झाले.

मंचाने इतर संघटनांसह कायदा बदलण्यासाठी सुमारे १४ लाख सह्या गोळा केल्या. २०१३ मध्ये कोलाउ यांनी संसदेच्या समितीसमोर बाजू मांडली. तरीही सरकारने मुख्य मागणी वगळूनच कायदा केला. रस्त्यावरची ताकद सभागृहात पोहोचल्याशिवाय निर्णय बदलत नाहीत, हे तेव्हा स्पष्ट झाले.

२०१४ मध्ये त्यांनी मंचाचे प्रवक्तेपद सोडले आणि सहकाऱ्यांसह नवी नागरी आघाडी उभारली. मे २०१५ च्या निवडणुकीत ४१ पैकी ११ जागा मिळवून ही आघाडी पहिली आली. आपल्या महानगरपालिकांप्रमाणे तिथेही महापौर नगरसेवकच निवडतात. इतर पक्षांच्या पाठिंब्याने २१ मते मिळाली आणि कोलाउ बार्सिलोनाच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

सत्तेत त्यांनी बेकायदा पर्यटक निवासांवर कारवाई केली. मोठ्या बांधकामांत ३० टक्के घरे परवडणारी असावीत, असा नियम आणला. पण घरे रिकामी करणे पूर्ण थांबले नाही, कारण न्यायालये आणि राष्ट्रीय कायदे पालिकेच्या हातात नव्हते. २०१९ मध्ये तर महापौरपद टिकवण्यासाठी त्यांनी विरोधी विचाराच्या गटातील नगरसेवकांची मते घेतली आणि त्यावर टीका झाली. २०२३ मध्ये त्यांची आघाडी तिसऱ्या क्रमांकावर गेली. मंच मात्र आजही काम करतो. नेत्या पालिकेत गेल्या, तरी सभा बंद पडली नाही.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव केला, पण पाणी प्यायला कोणी धजावले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. लढा थांबला नाही आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

म्हणजे चळवळीशिवाय ठराव कागदावरच राहतो, आणि सभागृहात आपली माणसे नसतील तर तो मागेही घेतला जातो. म्हणून तरुण मित्रांनो, उमेदवार शोधण्याआधी विहारात दर आठवड्याला एक सभा सुरू करा. पाणी, गटार, घराचे कागद, शिष्यवृत्ती यापैकी एक प्रश्न घ्या आणि तो सुटेपर्यंत सोडू नका. त्या सभेतून घडलेला माणूस पालिकेत पाठवा. आणि तो गेल्यावरही सभा चालू ठेवा.

जयभीम!