परदेशातील फूड कोर्ट, मेक्सिकन जेवण आणि आपला मका



आपल्या शाळेत शिकलेली अनेक मुले-मुली नागपूर, पुणे, बंगलोर करीत आज अमेरिकेपर्यंत पोहोचली आहेत. त्यामुळे पालकसभेत एक प्रश्न हटकून येतो, "सर, तिकडे शाकाहारी मुलांनी खावे काय? आणि ते परवडते का?" मागील वर्षी मुलीकडे अमेरिकेत काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथे चाखलेल्या एका साध्या, स्वस्त व पोटभरीच्या जेवणाची माहिती सर्वांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

फूड कोर्ट म्हणजे मोठ्या बाजार-इमारतीतील खाण्याचा चौक. मधोमध टेबल-खुर्च्या आणि भोवती निरनिराळ्या देशांच्या पदार्थांची दुकाने. आपण रांगेत उभे राहायचे, पैसे द्यायचे, ताट स्वतः उचलून आणायचे. वाढपी नसल्यामुळे बक्षिशीचा खर्च सहसा वाचतो.

मेक्सिकन दुकानात काचेमागे ओळीने भांडी मांडलेली असतात. भात, काळ्या किंवा तपकिरी घेवड्याची उसळ (हे आपल्या राजम्याचेच भाऊबंद), परतलेली ढोबळी मिरची व कांदा, मक्याचे दाणे आणि साल्सा. साल्सा म्हणजे टमाटर, कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांची चटणी. हेच सर्व वाडग्यात घेतले की बाऊल, मोठ्या मैद्याच्या पोळीत गुंडाळले की बरिटो, मक्याच्या छोट्या पोळीवर ठेवले की टाको. पोळीत चीज घालून भाजले की केसादिया. नावे चार, सामान एकच!

आम्ही गेलो तेथे भाजीचा बाऊल दहा डॉलरच्या आसपास होता व मांसाहारी बाऊलपेक्षा स्वस्त होता. सोबत दोन पोळ्या जास्तीच्या घेतल्या आणि आम्हा दोघांचे जेवण त्यात झाले. ग्वाकामोले नावाची अ‍ॅव्होकॅडोची चटणी हवी असल्यास तिचे पैसे बहुधा वेगळे लागतात, हे आधी विचारून घ्यावे.

शाकाहारी मुलांनी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. घोटलेल्या घेवड्यात परंपरेने डुकराची चरबी घालतात. भात कधी कधी कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. काही चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असते. विचारण्यात संकोच नको. दुकानदारास असे प्रश्न रोजचेच असतात.

हे जेवण स्वस्त असूनही पौष्टिक का? मक्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तो घेवड्यात भरपूर असतो. दोघे मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या वरण-भाताचे व भाकर-डाळीचे गणितही हेच आहे.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. आपली मक्याची भाकर थापताना कडेने चिरते. मग टाकोची मक्याची पोळी दुमडली तरी तुटत का नाही? याचे उत्तर आहे चुना. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजू देतात. सकाळी धुतले की वरचे साल निघून जाते. मग ते ओले दाणे आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर वाटत. त्या पिठाला चिकटपणा येतो. (घर रंगवण्याचा चुना घेऊन हा प्रयोग कोणीही करू नये. त्यासाठी खाण्यायोग्य चुनाच लागतो.)

चुन्याचा खरा लाभ मात्र डोळ्यांना दिसत नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेले असते, शरीराला ते मिळत नाही. चुन्यामुळे ते मोकळे होते, शिवाय कॅल्शियमही वाढते. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी जेथे गरीब लोक केवळ मक्यावर जगू लागले, त्या उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा रोग पसरला. कातडी फाटणे, अतिसार, बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे, हे दाखवून दिले. नायसिनचा उपाय १९३७ मध्ये सापडला. मेक्सिकोच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांना तो उपाय चुलीपाशी हजारो वर्षांपासून ठाऊक होता.

मेक्सिकोशी आपला आणखी एक संबंध आहे. डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्यात झाला. त्या वेळी वर्धा आणि छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते. क्रांतिकार्यासाठी देश सोडलेले खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत राहिले आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोस पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकर वाटणाऱ्याच्या रूपात रंगविले. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास परतले व १९६७ मध्ये तेथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

मका आपल्या भागातही खूप पिकतो. मिरची, टमाटर, पेरू, पपई, सीताफळ हीसुद्धा अमेरिका खंडातूनच आलेली आहेत. तेव्हा ते जेवण फार परके मानण्याचे कारण नाही.

पालकांना एकच विनंती आहे. १९५६ नंतर आपण मध्यप्रदेशात राहिलो. माझ्यासारख्यांचे शिक्षण हिंदीत झाले, मराठी घरातच टिकली. आता मुले आणखी दूर जात आहेत. जाताना पिशवीत ज्वारीचे पीठ व तिखट देतोच, त्यासोबत भाकर थापण्याची रीत आणि तिची मराठी नावेही द्या. युरोपने मक्याचे पोते नेले, पण रीत विचारली नाही, त्याची किंमत गरिबांनी मोजली. म्हणून परक्या देशात काही नवे खाल, तेव्हा ते कसे बनते हे बनविणाऱ्यास जरूर विचारा.

आपला,
प्राचार्य