घर नसलेलं हाऊस

शनिवारी सकाळी साडेसहाला बदलापुरात मांजर्लीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावरून चार रंग उतरतात. लाल, निळा, हिरवा, पिवळा. पीटीचा टी-शर्ट, पांढरे बूट, आणि शुक्रवारी धुतलेले बूट वाळले नाहीत म्हणून कुणाच्या तरी आईची आरडाओरड. माझी पुतणी हिरव्या हाऊसची. तिला एकदा विचारलं, की हे हाऊस नक्की आहे कुठे? ती म्हणाली, "काका, हाऊस म्हणजे टी-शर्ट."

जूनमध्ये यादी लागते, पंधरा ऑगस्टला संचलन, मग चित्रकला-वक्तृत्व, डिसेंबरात स्पोर्ट्स डे, आणि वर्षाअखेरीला गुणांची बेरीज करून एका हाऊसच्या हाती ढाल. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. मी स्वतः पिवळ्या हाऊसचा, आणि क्रिकेटच्या संघात कायम बारावा गडी. बारावा गडी म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि स्कोअरबुक. त्या बारीक चौकोनांत शिसपेन्सिलीने टिंबं भरायचा नाद तेव्हा लागला तो अजून सुटलेला नाही, आणि हा लेख त्या नादातूनच निघाला आहे.

हाऊसची मूळ कथा वाचकांना ठाऊक असेलच. इंग्लंडच्या निवासी शाळांत हाऊस हे खरोखरीचं घर होतं. मुलं तिथे जेवत, झोपत, मारही खात. अडचण होती ती गावातल्या मुलांची, सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्यांची. १८६२ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या क्लिफ्टन कॉलेजने या मुलांनाही हाऊस दिलं. गावाच्या भागाप्रमाणे दोन नावं पडली, नॉर्थ टाऊन आणि साऊथ टाऊन. इथे कुणाचीच खाट नव्हती, तरी सामने आणि अभिमान इतर हाऊसांइतकेच. बदलापूर-अंबरनाथची सगळी हाऊसं याच जातीची.

या नॉर्थ टाऊनचं नाव क्रिकेटच्या इतिहासात राहिलं, पण फार वाईट कारणासाठी.

२२ जून १८९९. लहान मुलांचा हाऊस सामना, क्लार्क्स हाऊस विरुद्ध नॉर्थ टाऊन. क्लार्क्सकडून सलामीला आला ए. ई. जे. कॉलिन्स, वय तेरा. जन्म हजारीबागचा, वडील इथल्या सनदी नोकरीत. क्लिफ्टनला येईपर्यंत आई आणि वडील दोघेही वारलेले. म्हणजे घर नसलेला मुलगा हाऊसकडून खेळत होता आणि समोर घर असलेली, हाऊसची इमारत नसलेली अकरा मुलं.

सामना अनेक दुपारी चालला. कॉलिन्स ६ तास ५० मिनिटं खेळला आणि नाबाद ६२८ वर राहिला. त्या डावाचा तपशील मी कागदावर पुन्हा जुळवून पाहिला. एक षटकार, चार वेळा पाच, एकतीस चौकार, तेहतीस वेळा तीन, १४६ वेळा दोन आणि ८७ एकेरी. बेरीज बरोबर ६२८ येते. १४६ दोन का, याचं उत्तर मैदानात आहे. तीन बाजूंच्या जवळच्या सीमांना दोनच धावा मिळत. चौथ्या बाजूला उतार, तिथे गेलेल्या चेंडूवर सगळ्या धावा पळून काढायच्या. पळणारे दोघे, पण उतारावरून चेंडू आणणारा कोण? नॉर्थ टाऊनची मुलं. त्यांच्यातला सगळ्यात लहान, अकरा वर्षांचा व्हिक्टर एबर्ली. त्याच्या हातून कॉलिन्सचा झेल सुटला, आणि झेल सोडणारा तो एकटा नव्हता.

क्लार्क्स ८३६. नॉर्थ टाऊन ८७ आणि ६१. त्यातही कॉलिन्सने अकरा बळी घेतले. एक डाव आणि ६८८ धावा. तो मोठेपणी प्रथम दर्जाचा एकही सामना खेळला नाही. ११ नोव्हेंबर १९१४ रोजी ईप्रच्या लढाईत मारला गेला, २९ वर्षांचा. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला विचाराल तर लेख नॉर्थ टाऊनवर हवा होता. पहिल्या दुपारनंतरच निकाल कळला असणार. तरी पुढच्या सगळ्या दुपारी ती मुलं आली.

सामना सोडून जाता येत नाही असं थोडंच आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ पासून नऊ धावांवर. खेळ थांबला असताना काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. रणजी सामना, मोठी माणसं. त्यांनी सामान आवरलं.

आता आमच्या लाईनवर या. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. ४ जानेवारी २०१६, सोमवार. भंडारी चषकात के. सी. गांधी विरुद्ध आर्य गुरुकुल. प्रणव धनावडे, वय पंधरा, वडील कल्याणात रिक्षा चालवणारे. दिवसअखेर तो ६५२ वर नाबाद होता आणि कॉलिन्सचा ११६ वर्षांचा विक्रम गेला. दुसऱ्या दिवशी नाबाद १००९. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा तिथेच. पळून काढलेल्या १३९. वेळ ३९५ मिनिटं. कॉलिन्सपेक्षा पंधरा मिनिटं कमी! संघाच्या ३ बाद १४६५.

समोरचा संघ कोण होता? मोठी मुलं परीक्षेमुळे आलीच नव्हती. म्हणून लहान मुलं उतरवली. त्यातली काही बारा वर्षांची, काहींनी लेदरचा चेंडू धडपणे हाताळलेला नव्हता. एका बाजूची सीमा फारच जवळ. वीसेक झेल सुटले. लोक हसले, विक्रम खरा की खोटा यावर वाद घातला. वाद घालायचाच तर तो वेळापत्रकाशी घालावा. परीक्षेच्या दिवसांत सोळा वर्षांखालच्यांची स्पर्धा ठेवणाऱ्या मोठ्यांशी. प्रणवचा यात काहीच दोष नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी धावा आटल्या तेव्हा वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. रिक्षाच्या कमाईवर घर चालवणाऱ्याने. हा प्रसंग मला १००९ पेक्षा मोठा वाटतो.

आणि ती लहान मुलं? सोमवारी रात्री त्यांनी घरी जेवताना काय सांगितलं असेल, याचा विचार मी बारावा गडी असल्यामुळे करतो. मंगळवारी सकाळी ६५२ वरचा फलंदाज अजून खेळतोय हे ठाऊक असताना त्यांनी पुन्हा पांढरे बूट चढवले. डाव घोषित होईपर्यंत चेंडू आणला. मग दुसऱ्यांदा फलंदाजी केली.

निकालात आर्य गुरुकुल एक डाव आणि १३८२ धावांनी हरलं, एवढंच छापलं गेलं. त्यांचे आकडे इथे देऊन ठेवतो. पहिला डाव ३१. दुसरा ५२.